भाजीच्या वाफ्यातील तीन पाने

(मोहाली येथील मराठी भाषकांच्या एका घरगुती मेळाव्यात प्रस्तुत पुस्तकाच्या अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा हा पाठ आहे. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



आज मी 'अनुवादकाचे अनुभव' ह्या विषयावर बोलावे, अशी आपली सूचना होती. तो विषय मी थोडा आकुंचित करून घेतला आहे. गेली काही वर्षे मी परसबागेविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर करीत होते आणि त्याच काळात इथे, मोहालीत, घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात भाजी लावीत होते. ह्या दोन्ही कामांत माझ्या हातून एकच चूक झाली आणि ती एकाच शब्दामुळे झाली. 'क्लोव्हर' हा तो शब्द. त्या चुकीची हकीकत आणि तिच्यातून मी जे शिकले ते आपणांपुढे मांडावे, एवढाच आजचा हेतू आहे. ह्या पुस्तकाची प्रत पुढे एखाद्या ग्रंथालयात ज्याच्या हाती पडेल, त्याच्याही ते उपयोगी पडेल असे मला वाटते.

प्रथम भूमीविषयी दोन शब्द. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने येथे आले. साहिबजादा अजितसिंग नगर हे ह्या शहराचे अधिकृत नाव. चंदीगडच्या कुशीला लागून १९७० नंतरच्या दशकात ते वसू लागले आणि २००६ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. मटौर, कुंभडा, शाही माजरा, सोहाना ही मूळची शेतीची गावे आता शहराच्या पोटात आली आहेत. परंतु त्यांच्यापैकी काहींच्या गल्ल्यांतून अजूनही म्हशी बांधलेल्या दिसतात आणि शहराची हद्द ओलांडली की गहू, मोहरी व हिरवा चारा ह्यांची शेते सुरू होतात. घराला लागून थोडी मोकळी जमीन, तिच्यात पालक, मेथी, मुळा आणि चार फ्लॉवर, हे दृश्य इथे सर्वसाधारण आहे. पंजाबी गृहिणीला त्यात काही विशेष वाटत नाही. आपल्याला, विशेषतः मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून आलेल्यांना, तो एक अनपेक्षित लाभ वाटतो.

इथली माती मात्र आपल्या दख्खनच्या काळ्या मातीसारखी नव्हे. ती शिवालिकच्या पायथ्याशी प्रवाहांनी आणून टाकलेली, फिकट रंगाची, वाळूमिश्रित गाळाची माती आहे. ती नांगरायला हलकी, पाणी चटकन जिरवणारी आणि सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत गरीब. त्यातून घर बांधताना विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे तिच्यात मिसळलेले असतात. अशा जमिनीत पहिल्या वर्षी भाजी येते ती नावापुरती. म्हणून इथला प्रत्येक बागाईत जमिनीला काय खाऊ घालावे ह्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. क्लोव्हरचा विषय मुळात ह्याच प्रश्नाशी निगडित आहे.

घरच्या भाजीला पोषणाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सांगितले आहे. चौघांच्या कुटुंबाला हे दीड किलोहून अधिक होते. परसातला तुकडा ही सगळी गरज भागवील असे नाही. पण पालेभाजी, मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात एवढ्यांची तरी बाजारातून आणण्याची गरज राहत नाही. लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ घरगुती बागेसाठी हंगामवार बियाण्यांचे छोटे संच तयार करते. नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी, कारण त्यातील वाण ह्या हवेला अनुरूप असतात.

आता हकीकतीकडे वळते. पहिल्या वर्षी सप्टेंबरात मी दोन वाफे केले. जवळच्या गावातील एका गोठ्यातून शेणखत आणले. एका वाफ्यात फ्लॉवरची रोपे लावली, दुसऱ्यात गाजर पेरले आणि डिसेंबरअखेर कांद्याची रोपे लावण्यासाठी त्याचा अर्धा भाग राखून ठेवला. ऑक्टोबरात दोन्ही वाफ्यांत तीन-तीन पानांची काही रोपे उगवली. फ्लॉवरच्या वाफ्यातली उभी, लांबट पानांची आणि भराभर वाढणारी होती. गाजराच्या वाफ्यातली जमिनीलगत पसरणारी, नाजूक आणि दिसायला फार सुरेख होती. त्याच सुमारास मी जे प्रकरण अनुवादित करीत होते त्यात असे प्रतिपादन होते, की भाजीत उगवलेल्या क्लोव्हरला घाईने उपटू नये, कारण ते जमिनीला नत्र पुरवते. क्लोव्हरसाठी मी हस्तलिखितात 'तिपानी गवत' असा शब्द योजला होता. तो मला सुबोध वाटला होता आणि, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानही वाटला होता.

आपण घडविलेला शब्द मनुष्याला फार लवकर खरा वाटू लागतो. गाजरातली ती सुरेख वेल मी 'तिपानी गवत' म्हणून राखली. फ्लॉवरमधली उंच रोपे मला चाऱ्याच्या गवतासारखी, म्हणून उपद्रवी वाटली. ती मी मुळासकट उपटून कुंपणाबाहेर टाकली. फेब्रुवारी उजाडला तेव्हा गाजरे बोटाएवढी राहिली होती आणि कांद्याची पात त्या वेलीच्या जाळ्यात पिवळी पडून उभी होती. फ्लॉवरचे गड्डे मुठीएवढे भरले होते.

शेजारच्या घरी एक वृद्ध सरदारणी राहतात. आम्ही सारे त्यांना बीजी म्हणतो. त्यांचे सारे आयुष्य शेतावर गेले. एके दिवशी त्या ऊन खायला आमच्या परसात आल्या, वाकून त्यांनी एक पान खुडले, तोंडात घातले आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, "पुत्त, एह तां खट्टी बूटी ऐ. बरसीम तां तूं पुट्ट के सुट्ट दित्ता." पोरी, ही तर आंबट बुटी; बरसीम होते ते तू उपटून टाकलेस! त्या हसल्या, मीही हसले. पण त्या रात्री मी हस्तलिखित काढून बसले. 'तिपानी गवत' हा शब्द त्यात अकरा ठिकाणी आला होता. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या ग्रंथालयात हे पुस्तक वाचून कोणी माझ्यासारखेच वागले असते, तर पान चाखून सांगणाऱ्या बीजी त्याच्या शेजारी असतीलच असे नाही. माझी गाजरे गेली ती माझ्यापुरती गेली. शब्द छापून गेला असता, तर ती चूक किती वाफ्यांत रुजली असती ह्याचा अंदाज करणे कठीण आहे.

इंग्रजी माणूस 'क्लोव्हर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या कुरणातील पांढऱ्या किंवा तांबड्या फुलांची एक विशिष्ट वनस्पती असते. लवंगेसाठी जो मिळताजुळता इंग्रजी शब्द आहे त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. मराठीत तिच्यासाठी रूढ नाव नाही, कारण ती आपल्याकडे आपोआप उगवत नाही. परंतु तीन पर्णिकांचे पान असलेल्या वनस्पती आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि 'तीन पाने' एवढ्याच खुणेवर विसंबले की त्या सर्व एकाच नावाखाली गोळा होतात. मोहालीच्या वाफ्यात मला आजवर त्यांपैकी चार भेटल्या. त्यांची ओळख करून देते.

पहिली बरसीम. हे खरेखुरे क्लोव्हर. त्याच कुळातील, त्याच गोत्रातील. त्याच्या शास्त्रीय नावात अलेक्झांड्रिया शहराचा उल्लेख आहे, कारण ते मूळचे ईजिप्तकडचे. हिंदुस्थानात ते १९०४ साली सिंधमध्ये आणले गेले आणि पुढे सिंचनाखालील पंजाबात दुभत्या जनावरांचा हिवाळी चारा म्हणून त्याने असा जम बसविला, की आज ते परके आहे हे सांगितल्यावाचून कोणाला कळत नाही. त्याची पाने लांबट, कडा किंचित दातेरी, देठ पोकळ, रोप उभे. फुलांचे गोंडे मलईसारखे पांढुरके. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी ते पेरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पहिली कापणी आणि पुढे महिन्या-महिन्याने एकेक.

दुसरी सेंजी, म्हणजे आपल्याकडची रानमेथी. ही उभी वाढते, तिचे मधले पान लहानशा देठावर असते आणि बारीक पिवळी फुले लांबट तुऱ्यात येतात. तिसरी मैणा. ही पसरट, पिवळ्या फुलांची, आणि हिच्या शेंगा गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या व काटेरी असल्यामुळे कपड्यांना चिकटतात. ह्या दोन्ही क्लोव्हरच्या चुलत बहिणी म्हणाव्यात. आपण पेरतो ती मेथीदेखील ह्याच गोतावळ्यातील. तिचे पान पाहिले तर तीन पर्णिका आणि मधलीला देठ हीच ठेवण आढळते.

चौथी खट्टी बूटी. मराठीत हिला आंबुशी म्हणतात, आयुर्वेदात चांगेरी. हिचा ह्या कुळाशी मुळीच संबंध नाही. हिची प्रत्येक पर्णिका बदामाच्या आकाराची, टोकाशी खाचलेली असते. फूल पाच पाकळ्यांचे पिवळे. शेंग उभी, आणि ती पिकली की बोट लागताच फुटून बी चोहोकडे उडवते. देठ जमिनीवर सरपटत जाऊन पेरापेराला मुळे धरतो. रात्री पाने मिटतात. चव आंबट, कारण तीत ऑक्झॅलिक आम्ल असते. चटणीत थोडी आंबुशी घालण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. मूत्रखड्याचा विकार असणाऱ्यांनी मात्र ती टाळावी.

पानावरून शंका फिटली नाही तर मुळाकडे पाहावे. बरसीमचे एक रोप पाणी दिल्यानंतर हलक्या हाताने, मातीसकट उचलावे आणि मुळे धुवावीत. त्यांवर मोहरीच्या दाण्याहून लहान-मोठ्या गाठी दिसतील. एखादी नखाने फोडावी. आतून गुलाबी असेल तर ती कार्यक्षम आहे असे समजावे. ही गुलाबी छटा आपल्या रक्तातील रंगद्रव्याशी नाते सांगणाऱ्या एका द्रव्यामुळे येते. ह्या गाठींत विशिष्ट जीवाणू राहतात. वनस्पती त्यांना शर्करा देते आणि ते हवेतील नत्र बांधून तिला देतात. कडधान्याच्या कुळातील पिकांमुळे जमीन सुधारते हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे ते म्हणतच. त्यामागचे कारण १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक ह्यांनी गाठींतील जीवाणू वेगळा काढला. आंबुशीच्या मुळांवर अशा गाठी नसतात. ती जमिनीला नत्र देत नाही. भाजीच्या वाट्याचे पाणी व अन्न तेवढे घेते.

येथवर ऐकून आपला असा समज होईल, की बरसीम राखावे आणि आंबुशी काढावी, म्हणजे काम झाले. दुसऱ्या वर्षी माझाही तसाच समज होता, आणि तोही अर्धाच बरोबर निघाला. बीजींकडून मूठभर बी आणून मी ते फ्लॉवरची रोपे लावली त्याच दिवशी वाफाभर फेकले. महिन्याभरात बरसीमने फ्लॉवरला झाकून टाकले. नत्राच्या आशेने मी आणखी पंधरवडा वाट पाहिली. फ्लॉवरची पाने त्या दाटीत फिकट पडली आणि दमट सावलीत गोगलगायींनी बस्तान बसविले.

झाले होते ते असे. जिवंत बरसीम बांधलेला नत्र मुख्यतः स्वतःच्याच वाढीसाठी वापरते. शेजारच्या रोपाला त्यातला अल्प अंश मिळतो. भाजीला खरा लाभ होतो तो बरसीमची पाने व मुळे कुजतात तेव्हा. म्हणजे ते वाढले पाहिजे आणि वेळेवर कापलेही गेले पाहिजे. उपटण्याची गरज नाही, किंबहुना उपटूच नये. जमिनीलगत कापावे, पाला तेथेच रोपांभोवती अंथरावा आणि मुळे मातीत राहू द्यावीत. कापणीनंतर काही मुळे व गाठी मरतात आणि त्यांचा अंश मातीत उतरतो. वर अंथरलेला पाला ओल धरून ठेवतो. काही दिवसांनी पुन्हा फुटवे येतात आणि तोच क्रम पुन्हा चालू होतो.

तिसऱ्या वर्षापासून मी जी पद्धत पाळते ती सांगते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी फ्लॉवर-कोबीची रोपे लावावीत. पहिले तीन-चार आठवडे वाफा अगदी स्वच्छ ठेवावा. ह्या काळात रोपाला कोणतीच स्पर्धा सोसत नाही. दुसरी खुरपणी झाली की ओळींच्या मध्ये बरसीम पेरावे. शेतात हेक्टरी २० ते २५ किलो बी लागते, म्हणजे चौरस मीटरला दोन-अडीच ग्रॅम पुरे. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला लहानशी मूठ. ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेले बी थंडीमुळे सावकाश वाढते, आणि आपल्याला ते इष्टच आहे. रोपाच्या निम्म्या उंचीला पोचले की कापावे. फेब्रुवारीत भाजी निघाल्यावर शेवटची कापणी करून सर्व पाला मातीत मिसळावा, दोन-तीन आठवडे थांबावे आणि मगच भेंडी, दुधी, काकडी लावावी. न थांबता बी टोकले तर कुजणाऱ्या हिरव्या पाल्यात कोवळे अंकुरही सडतात.

बरसीमचे बी घेताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्यात कासनीचे, म्हणजे चिकोरीचे, बी मिसळलेले असण्याची शक्यता असते. पाच ते दहा टक्के मिठाच्या पाण्यात बी टाकले असता कासनीचे हलके बी तरंगते. ते काढून टाकावे आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोनदा धुवावे. ज्या जमिनीत पूर्वी बरसीम कधीच नव्हते तेथे योग्य जीवाणू नसण्याचा संभव असतो. मग बाजारात मिळणारे जीवाणूसंवर्धन बियांना चोळावे, किंवा जुन्या बरसीमच्या शेतातील घमेलेभर माती आणून मिसळावी. ही दुसरी युक्ती इथले शेतकरी फार दिवसांपासून वापरीत आले आहेत. गुलाबी गाठी न दिसणाऱ्या वाफ्यात बरसीम असून नसल्यासारखे.

सर्वच भाज्यांत बरसीम चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. कांदा, लसूण आणि गाजर ह्यांची पाने अरुंद असतात. ती जमिनीवर सावली धरू शकत नाहीत आणि शेवटपर्यंत तणापुढे दुबळी राहतात. त्यांच्या वाफ्यात खरे क्लोव्हर असो वा खोटे, सर्व काढून टाकावे. 'तण खाई धन' ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरते. वाटाणा आणि मेथी ह्यांच्या मुळांवर त्यांच्या स्वतःच्या गाठी असतातच; त्यांना सोबतीची गरज नाही. रानमेथीबाबत विशेष जपावे. ती मेथीच्या वाफ्यात उगवली तर कोवळेपणी ओळखू येत नाही. तिचे कठीण कवचाचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि जनावरांच्या पोटातूनही न पचता खतात उतरते. ह्याच गोत्रातील वनस्पतींचा बुरसलेला सुका चारा खाऊन १९२० नंतरच्या दशकात कॅनडा व अमेरिकेतील गुरे रक्तस्राव होऊन मरत. त्याचे कारण शोधता शोधता विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक ह्यांना त्यातील द्रव्य सापडले आणि त्यातूनच पुढे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन हे औषध तयार झाले. तेव्हा मेथी खुडताना जुडी एकदा निरखून घ्यावी.

आता आंबुशीविषयी. माझ्या वाफ्यातून ती अजून पूर्ण गेलेली नाही; पण ताब्यात आहे. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, माती ओलसर असताना, खुरप्याच्या टोकाने मुळाशी धरून ती काढावी. वरवर ओढली तर पेरांवरची मुळे मागे राहतात. शेंगा धरण्यापूर्वी काढणे हे सर्वांत महत्त्वाचे. काढलेली वेल कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. गच्चीवर कडक उन्हात वाळवावी. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीची माती तपासावी, कारण आंबुशी बहुधा तिच्यातूनच घरात येते. माती खोल उलथू नये, खालचे बी वर येते. मे-जून महिन्यांत, जेव्हा इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रिकाम्या वाफ्याला पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे कापड चारही बाजूंनी मातीत दाबून चार-सहा आठवडे ठेवावे. वरच्या थरातील पुष्कळसे बी त्या उष्णतेने मरते. हिवाळ्यात भाताच्या पेंढ्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. हाच पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतांतून जाळला जातो आणि त्याचा धूर आपण सर्वांनी अनुभवला आहे. त्यातले चार भारे एखाद्या परसात आले, तर तेवढा तरी धूर कमी.

तणनाशकाचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. रुंद पानांचे तण मारणारी जी औषधे गव्हाच्या शेतात वापरतात, त्यांना क्लोव्हर आणि टोमॅटो ह्यांतला भेद कळत नाही; गहू हे गवतवर्गीय पीक म्हणून तो वाचतो, आपली भाजी वाचणार नाही. टू-फोर-डी ह्या औषधाची नुसती वाफ लागली तरी टोमॅटोची पाने पिळवटतात. वाफ्यात मीठ टाकण्याचा उपाय तर जमीनच नासवतो.

आपल्यापैकी काहींनी जपानच्या मासानोबु फुकुओका ह्यांचे विचार वाचले असतील. शिकोकू बेटावरील आपल्या शेतात त्यांनी भात आणि जव ह्यांच्या खाली पांढरे क्लोव्हर राखले आणि संत्र्याच्या बागेत क्लोव्हरमध्येच भाजीचे बी फेकले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे 'काही करू नये' अशी त्यांची शिकवण असल्याचा समज पसरला. परंतु भात उगवताना ते शेतात काही दिवस पाणी साठवून क्लोव्हरला दुबळे करीत, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. त्यांचे क्लोव्हर बहुवर्षायू, थंड व दमट हवेचे. मोहालीचा उन्हाळा त्याला मानवत नाही. आपले बरसीम एकाच हिवाळ्याचे. मे-जूनच्या उन्हात ते आपोआप संपते. एका देशातील पद्धत दुसऱ्या देशात नेताना वनस्पती, ऋतू आणि पाणी ही तिन्ही पुन्हा तपासावी लागतात. भाषांतराचेही तेच आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी मी पुस्तकात ह्याच दृष्टीने काही बदल मूळ लेखकाचा आशय न बिघडविता सुचविले आहेत. बरसीमला चांगली थंडी आणि मुबलक पाणी लागते. दोन्ही सर्वत्र मिळत नाहीत. तेथे रब्बीत मेथी आणि हरभरा, पावसाळ्यात चवळी, ताग किंवा धैंचा हे काम करू शकतात. तत्त्व तेच: हवेतील नत्र धरणारे पीक वाढवावे, फुलावर येताच कापावे आणि जमिनीला परत द्यावे. प्रतिहेक्टरी रासायनिक खते वापरण्यात पंजाब देशातील अग्रेसर राज्यांपैकी आहे, आणि त्याची किंमत येथील माती व पाणी मोजीत आहेत. परसातल्या दोन वाफ्यांनी हे चित्र पालटणार नाही. परंतु युरियाची पिशवी आणण्यापूर्वी ज्याने एक गुलाबी गाठ फोडून पाहिली आहे, तो ती पिशवी थोडा विचार करूनच उघडेल.

हस्तलिखितातील त्या अकरा जागा मी एकेक करून दुरुस्त केल्या. कुठे 'क्लोव्हर' हाच शब्द ठेवला, कुठे 'बरसीम' केला, दोन ठिकाणी 'आंबुशी' लिहावे लागले, कारण मूळ लेखकालाही तेथे तीच अभिप्रेत होती. 'तिपानी गवत' हा माझा लाडका शब्द कोठेही उरलेला नाही. ह्यासाठी मी ज्यांची ऋणी आहे त्या बीजींना मराठी वाचता येत नाही. पुस्तक छापून आले की त्याची एक प्रत आणि यंदाच्या वाफ्यातला एक फ्लॉवर त्यांना नेऊन द्यायचा, असे मी ठरविले आहे. पुस्तकाचे त्या काय करतील ते सांगता येत नाही. फ्लॉवर मात्र त्या हातात घेऊन पारखतील, आणि माझे भाषांतर बरोबर झाले की नाही ते मला तेव्हाच कळेल.